कोळंबीच्या टरफलातून गुडघ्याची गोळी

कोळंबी सोलली की डोकं आणि टरफल मिळून जवळजवळ निम्मं वजन बाजूला पडतं. कोळंबी निर्यातीत भारत जगात आघाडीवर आहे, त्यामुळे प्रक्रिया कारखान्यांबाहेर या सालांचे ढीग लागतात. उष्ण हवेत ते काही तासांत कुजायला लागतात. एवढा मौल्यवान माल असा सडताना बघून मला खरंच वाईट वाटतं!

सुक्या टरफलात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कायटिन, म्हणजे साखरेसारख्या रेणूंची लांब साखळी, असतं. बाकी बहुतेक चुना आणि प्रथिनं. सौम्य आम्लात चुना विरघळतो, अल्कलीत प्रथिनं सुटतात, उरतं ते कायटिन. ते तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तापवलं की साखळी तुटून ग्लुकोसामाइन मिळतं. गेऑर्ग लेडरहोज यांनी १८७६ मध्येच ते असं वेगळं केलं होतं. सांधेदुखीच्या गोळ्यांच्या डबीवर दिसणारं नाव ते हेच.

फायद्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. अमेरिकेतल्या १,५८३ रुग्णांवरच्या चाचणीत (२००६) गुडघेदुखीवर ते एकंदरीत नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. कोळंबी-खेकड्यांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

शाकाहारी मंडळींनी लेबल वाचावं: मक्यापासून, बुरशीच्या मदतीनं बनवलेलं ग्लुकोसामाइनही मिळतं.

मला जास्त आशा वाटते ती ॲस्टाझँथिनची. शिजल्यावर कोळंबीला लाली आणणारं हे रंगद्रव्य त्याच टरफलांतून तेलात उतरवता येतं, आणि मत्स्यखाद्यात त्याला चांगली मागणी आहे.