स्वस्त गेम, अस्सल कल्पना

किंमत कमी म्हणजे माल दुय्यम, हा बाजारातला ठोकताळा व्हिडिओ गेमना लागू पडत नाही. 2010च्या मे महिन्यात ‘हम्बल इंडी बंडल’ने छोट्या निर्मात्यांचे गेम एकगठ्ठा, ‘मनाला येईल ते द्या’ या बोलीवर विकले. त्यातला ‘वर्ल्ड ऑफ गू’ दोघांनी मिळून उभा केलेला: चिकट गोळे जोडून डुगडुगता मनोरा रचायचा आणि तो कोसळू द्यायचा नाही. बड्या कंपनीने असल्या कल्पनेवर पैसे लावले असते का, शंकाच आहे! अशा विक्रीत निर्माता बुडतो, हा आक्षेप रास्त वाटतो. पण तेव्हा दहा लाख डॉलरांहून अधिक जमले. डिजिटल प्रतीला खर्च जवळपास नसतो आणि एरवी न फिरकणारेही गिऱ्हाईक होतात. मात्र गठ्ठ्यातले कित्येक गेम उघडलेही जात नाहीत, हे खरे. त्यापेक्षा ‘इच डॉट आयओ’ या गेमविक्रीच्या संकेतस्थळावर डेमो खेळून एकेक निवडावा.