दोन इंच

येवल्याच्या पेठेत एका दुकानात पैठणीचा पदर बघत होते. घ्यायची नव्हती, नुसतं बघणं. खरी पैठणी दोन्ही अंगांनी सारखी दिसते हे दाखवायला दुकानदाराने पदर उलटा केला. मला दुसरंच दिसलं. मोराच्या मानेपर्यंत वीण घट्ट आणि तिथून पुढे वीतभर किंचित सैल. बोट फिरवलं तरच कळेल इतकी.

"हात बदललाय तिथं," तो म्हणाला. "नवरा आजारी पडला, बायकोनं पुरा केला."

"काय झालं होतं?"

उत्तरादाखल त्याने अंगठा तोंडाकडे नेला.

त्या वीतभर कापडासाठी मी त्या विणकराच्या घरी गेले. नंतर आणखी तीनदा गेले.

पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग. दादा पाय खड्ड्यात सोडून बसलेले, मागच्या खोलीत वहिनी कांड्या भरत होत्या. रेशीम रंगवून, ताणा तयार होऊन बाहेरून येतो. या घरात फक्त विणकाम. अंगाचं कापड धोट्यावर भराभर सरकतं, पदर मात्र रांगतो. मोराच्या प्रत्येक रंगाला वेगळी कांडी. तारा मोजून उचलायच्या, कांडी खालून काढायची, शेजारच्या रंगात अडकवायची आणि मग फणीचा ठोका. एक तार चुकली की मोराची चोच वाकडी.

"दिवसाला किती होतं?"

"नक्षी भरगच्च असली तर दोन इंच."

दोन इंच. आणि त्यासाठी हात कसा लागतो, हे पाच मिनिटं बघितलं तरी कळतं.

"सकाळी सातला तार दिसायची, पण बोट तिच्यावर टेकायचं नाही," दादा सांगत होते. "कोपऱ्यावर जाऊन नाइन्टी मारायची. अर्ध्या तासात हात थांबायचा. मग मी राजा. दोन इंच आरामात."

पिऊन पिऊन हात थरथरायला लागला, असं गल्ली म्हणायची. दादांचा हात सकाळी थरथरायचा तो रात्रभर दारू न मिळाल्यामुळे. दारू मेंदूला सुस्तावते. ती रोज मिळू लागली की मेंदू तिचा हिशोब धरून स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. मग एखाद्या सकाळी ती पोटात नसली, की वाढवलेला वेग तेवढा उरतो. घाम, धडधड, हातांना कंप. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांतच हे सुरू होऊ शकतं. म्हणजे ती सकाळची नाइन्टी चैन नव्हती. दादा ती कामावर जाण्यासाठी पीत होते, आणि तीच त्यांना आणखी खोल नेत होती.

घरच्यांनी उपाय केले नाहीत असं नाही. दोनदा तुळशीची माळ घातली, दोनदा उतरली. भिंतीवरची 'नवऱ्याच्या नकळत दारू सोडवा' ही जाहिरात वाचून वहिनींनी पुडी आणली आणि चहात घातली. त्या दुपारी दादांचं तोंड लालबुंद झालं, उलट्या थांबेनात. पुडीत काय होतं, ते वहिनींना आजही माहीत नाही. दारूशी भांडणारं औषध असतं. पण ते डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं. न सांगता दिलं आणि वरून माणूस प्यायला, तर जिवावर बेतू शकतं.

मग भावांनी खोलीत कोंडून ठेवलं. "दोन दिवस कड काढ, सुटेल." दुसऱ्या रात्री फिट आली. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अशी एकाएकी तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, माणूस दगावतोही. हे भावांना कुणी सांगितलं नव्हतं. ते वाईट नव्हते. त्यांच्या लेखी हा प्रश्न मनाच्या निर्धाराचा होता, आणि निर्धार काय, कोंडूनही करवून घेता येतो!

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुण्याला मुक्तांगणचं नाव सांगितलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने १९८६ साली येरवड्यात सुरू केलेलं हे केंद्र. तिथला मुक्काम ३५ दिवसांचा. आधी औषधांनी शरीर सांभाळायचं, मग गटात बसून बोलायचं. बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट. दादा नशीबवान म्हणायचे. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार १८० मागे एकाला. उरलेल्या ३७ जणांच्या घरी माळ, पुडी आणि कडी.

आता १४ महिने झाले. महिन्यातून एकदा दादा नाशिकला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जातात. वर्ष पूर्ण झालं तेव्हा तिथे पदक मिळालं. ते मागाच्या वरच्या खिळ्याला लटकतंय. मी जरा लेखकी आव आणून म्हटलं, "रोज दोन इंच, तसंच रोज एक दिवस, नाही का?" दादांनी मान हलवली. "नाही ताई. विणलेलं राहतं. हे नाही राहत. उद्या परत पहिल्यापासून."

या घरातली एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. दर वेळी चहा आला की वहिनी कप दादांच्या हातात देताना जरा जास्त पुढे झुकायच्या. पहिल्यांदा वाटलं, पाठ दुखत असेल. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की त्या वास घेतात. दादांनाही ते माहीत आहे. ते कप घेताना हलकेच श्वास बाहेर सोडतात आणि दोघंही त्याबद्दल काही बोलत नाहीत. व्यसन सुटलं म्हणतो आपण. या नाकाचं व्यसन कधी सुटणार, कुणास ठाऊक.

त्या पदराचं मी शेवटच्या भेटीत विचारलं. दादा पुण्याला गेले तेव्हा साडी मागावर अर्धवट होती आणि दुकानाची उचल अंगावर. वहिनींनी तोवर फक्त कांड्या भरलेल्या, नक्षीला कधी हात लावला नव्हता. दुपारी दार लावून त्या खड्ड्यात उतरल्या.

"एक वीत राहिला होता. म्हणजे नऊ इंच. यांना पाच दिवस लागले असते. मला पस्तीसच्या पस्तीस लागले."

दिवसाला पाव इंच. मध्ये उसवलेलं वेगळंच.

"आणि पैसे?"

"कापले. वीण सैल आली ना."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मला मात्र खिळ्यावरचं ते पदक एकदम हलकं वाटलं. दारू सोडल्याची मोजदाद दादांच्या नावावर झाली आणि ती त्यांची आहेच. पण त्या ३५ दिवसांत घराचा माग ज्या हातांनी थांबू दिला नाही, त्यांच्या वाट्याला कापलेले पैसे आले. ती साडी आज कुणाच्या तरी लग्नात मिरवत असेल, त्या नऊ इंचांसकट.

आता रोज दुपारी दोन ते पाच मागावर वहिनी बसतात. मी निघाले तेव्हाही त्या खड्ड्यातच होत्या, समोर लोंबकळणाऱ्या कांड्या आणि अर्धा मोर.

"आता किती होतं?" मी विचारलं.

"एक इंच. कधी सव्वा."

आतून दादा चहा घेऊन आले. त्यांनी कप पुढे केला. वहिनींनी तो घेतला, आणि घेताना जरा पुढे झुकल्या.