भोरड्यांचा जमाखर्च

पौष-माघात रब्बी ज्वारीचे कणीस भरू लागले, की सोलापूर, बीड, धाराशिव या भागांतील शेतांवर भोरड्यांचे थवे उतरू लागतात. शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवितो. थवा उठतो आणि शेजाऱ्याच्या शेतात जाऊन बसतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षाच्या भाकरीचा हा प्रश्न असल्याने भोरडी म्हणजे शत्रू, अशी त्याची समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु या पाखराचा संपूर्ण जमाखर्च मांडला असता निराळेच चित्र दिसते.

पाहुण्या पाखराची ओळख

भोरडी ही साळुंकीच्या कुळातील. डोके, मान, पंख व शेपटी काळी, पाठ व पोट गुलाबी आणि डोक्यावर शेंडी अशी तिची ठेवण असते. पिल्ले मात्र मळकट तपकिरी रंगाची असतात. पूर्व युरोप व मध्य आशिया येथील खडकाळ माळरानांवर ती वीण घालते. जुलै-ऑगस्टपासून ती भारतात येऊ लागते आणि एप्रिलच्या सुमारास परत जाते. म्हणजे वर्षातील बराच काळ ती आपल्या शिवारात असते. ज्वारीचा दाणा तिच्यासमोर असतो तो मात्र त्यांपैकी काही आठवडेच.

जमेची बाजू

पक्षी काय खातो, हे अंदाजाने नव्हे, तर तपासणीने ठरवावे लागते. बिहारमधील पुसा येथे सी. डब्ल्यू. मेसन यांनी पक्ष्यांच्या जठरातील अन्नाची तपासणी केली. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी संपादित केलेला तो ग्रंथ १९१२ साली प्रसिद्ध झाला. शेतीस उपकारक कोण व अपायकारक कोण, हे पोटातील पुराव्यावरून ठरविण्याचा भारतातील हा आरंभीचा मोठा प्रयत्न होय.

भोरडीचे पोट कणसावरच भरते असे नाही. नाकतोडे व अळ्या हे तिचे आवडते अन्न होय. वड-पिंपळाची फळेही ती खाते. फाल्गुनात पळस, पांगारा व काटेसावर फुलली, की मधासाठी ती फुलांत चोच घालते आणि त्याबरोबर परागसिंचन घडते. वीण घालण्याच्या प्रदेशात तर पिल्लांना ती मुख्यतः टोळ व नाकतोडेच भरविते. चीनमधील शिनच्यांग प्रांतात १९८० नंतरच्या दशकात टोळांवर औषध फवारण्याऐवजी भोरड्यांसाठी कृत्रिम घरटी बांधण्यात आली, आणि त्या उपायास चांगले यश आले. जे पाखरू आपण गोफणीने हाकलतो, त्याला तेथे आग्रहाने बोलाविण्यात येते!

खर्चाची बाजू

तथापि ज्वारीचे नुकसान खोटे नव्हे. दाणा चिकात आल्यापासून तो टणक होईपर्यंतचा काळ धोक्याचा असतो. भोवतालच्या पिकाआधी किंवा नंतर पक्व होणाऱ्या एकट्यादुकट्या शेतास सर्वांत अधिक उपद्रव होतो, कारण सर्व थवा तेथेच उतरतो. यास्तव एका शिवारातील शेतकऱ्यांनी शक्यतो एकाच सुमारास पेरणी करावी. नुकसान विभागले जाते आणि राखणीही मिळून करता येते. सकाळी व सायंकाळी पाखरांचा जोर अधिक असतो. त्या वेळी राखणीत खंड पडू देऊ नये. गोफण, डबे, बुजगावणे, चकाकणाऱ्या फिती हे उपाय आलटून पालटून योजावेत. एकच उपाय रोज केल्यास पाखरे त्याला सरावतात.

विषारी आमिष मात्र कदापि ठेवू नये. त्याने भोरडीबरोबर साळुंकी, कोतवाल, मोर आणि प्रसंगी घरची जनावरेही मरतात.

बांध मोकळा करू नये

पाखरांना थारा मिळू नये म्हणून बांधावरील बाभळी व बोरी तोडण्याचा विचार काही शेतकरी करतात. भोरडीचा थवा दुरून येतो. बांधावरचे झाड तोडल्याने तो थांबत नाही. जातात ते मात्र कायमचे रहिवासी : किडी टिपणारा कोतवाल, नाकतोडे पकडणारा चास, उंदीर मारणारे घुबड. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात मोकळ्या माळरानावरील अनेक पक्ष्यांची संख्या घटत असल्याचे नमूद आहे. त्यांत आपला चासही आहे.

हरभऱ्यात पक्षीथांबे उभारण्याची शिफारस कृषी विद्यापीठे करतात, ती याच रहिवाशांवर विसंबून. थांब्यावर बसलेला कोतवाल घाटे अळी टिपतो. परंतु शिवारात कोतवालच उरला नाही, तर थांबा रिकामाच राहील.

सारांश, कणीस चिकात असताना भोरडीला जरूर हाकलावे, पण मारू नये. आणि उरलेले महिने तिला व तिच्या सोबत्यांना शिवारात निर्वेध वावरू द्यावे. काही आठवड्यांचा खर्च पाहून वर्षाची जमा खोडून टाकणे व्यवहारी शेतकऱ्यास परवडणारे नाही.