बेटावर किती दिवस राहावे?

लोहा हे आपले गाव नांदेड-लातूर रस्त्यावर आहे. येथून समुद्र गाठायचा म्हटले, तर शेकडो किलोमीटर जावे लागते. तरी पाण्यात बुडी मारणे तुम्हांला नवीन नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी कित्येकांनी विहिरीत सूर मारला असेल. तळाची माती मुठीत आणून मित्रांना दाखविली असेल. तेव्हा तुम्ही श्वास रोखून धरला होता. म्हणूनच तुम्हांला लगेच वर यावे लागले.

पाठीवर हवेची टाकी बांधली, तर माणूस पाण्याखाली अर्धा-पाऊण तास राहू शकतो. याला ‘स्कूबा डायव्हिंग’ म्हणतात. अशी बुडी मारणाऱ्याला मराठीत ‘पाणबुड्या’ म्हणतात. उर्दूतील गोताखोर तो हाच. या टाकीत नुसता प्राणवायू असतो, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. आपण रोज जी हवा घेतो, तीच या टाकीत दाबून भरलेली असते. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के प्राणवायू असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

बुडी मारण्यासाठी पाणी स्वच्छ हवे. खाली प्रवाळ हवे, रंगीत मासे हवेत. असे पाणी पुष्कळदा बेटांभोवती सापडते. बेट म्हणजे तुमचा जझीरा. मुरूडजवळच्या समुद्रातील किल्ल्याला ‘जंजिरा’ हे नाव याच शब्दावरून पडले आहे. आपल्या देशात पाणबुड्यांचे एक आवडते बेट अंदमानात आहे. त्याचे नाव स्वराज द्वीप. २०१८ पर्यंत त्याला हॅवलॉक म्हणत.

आता समजा, तुमच्या मामूंनी कुटुंबासह स्वराज द्वीपला जायचे ठरविले. तेथे त्यांना स्कूबा शिकायचे आहे. ते तुम्हांला म्हणाले, “तुम्ही शिकणारी मुले. हिशेब करून सांगा, किती दिवसांची रजा काढू?” तुम्ही काय सांगाल?

माळेगावच्या यात्रेला जाताना हा प्रश्न पडत नाही. माळेगाव आपल्याच तालुक्यात आहे. मन रमले, तर एक दिवस जास्त राहावे. नाही रमले, तर संध्याकाळच्या एस. टी.ने घरी यावे. दूरच्या बेटाचे तसे नाही. तेथील मुक्काम केवळ आपल्या इच्छेवर ठरत नाही. त्यासाठी तिघांना विचारावे लागते. ते तिघे म्हणजे शरीर, समुद्र आणि बोट.

प्रथम शरीराला विचारू. जमिनीवर असताना हवेचा दाब आपल्या अंगावर असतोच. समुद्रात १० मीटर खाली गेले, की जवळजवळ तेवढाच दाब आणखी वाढतो. म्हणजे १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो आणि २० मीटरवर तिप्पट होतो. दाब वाढला, की श्वासातील नायट्रोजन रक्तात जास्त विरघळू लागतो. प्राणवायू शरीर वापरून टाकते. नायट्रोजन मात्र वापरला जात नाही. तो शरीरात साठत जातो.

गोळीसोड्याची बाटली आठवा. गोळी आत ढकलली, की आतला दाब एकदम कमी होतो. पाण्यात विरघळलेला वायू फसफसून वर येतो. पाणबुड्या घाईने वर आला, तर त्याच्या शरीरातही असेच बुडबुडे तयार होऊ शकतात. मग सांधे दुखतात, चक्कर येते, हातपाय बधिर होतात. कधी लकवा होतो, तर कधी प्राणही जातो.

या आजाराचे दुःख पुलाच्या मजुरांनीही भोगले आहे. १८७० नंतर न्यूयॉर्क शहरात ब्रुकलिनच्या पुलाचे काम चालू होते. नदीच्या तळाशी पाया खोदण्यासाठी मजूर एका प्रचंड पेटीत उतरत. पाणी आत येऊ नये, म्हणून त्या पेटीत दाबलेली हवा भरलेली असे. वर आल्यावर अनेक मजूर वेदनांनी कळवळत. मुख्य अभियंते वॉशिंग्टन रोबलिंग हेही १८७२ मध्ये याच आजाराने अंथरुणाला खिळले. पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी बकऱ्यांवर प्रयोग केले. पाण्यातून सावकाश वर कसे यावे, याची कोष्टके त्यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली.

आजचे पाणबुडे मिनिटाला सुमारे ९ मीटरपेक्षा अधिक वेगाने वर येत नाहीत. पृष्ठभागाच्या खाली ५ मीटरवर ते तीन मिनिटे थांबतात. तरीही थोडा जास्तीचा नायट्रोजन शरीरात उरतोच. तो श्वासावाटे हळूहळू बाहेर पडतो. त्याला कित्येक तास लागतात.

आता परतीच्या विमानाचा विचार करा. विमान उंच गेले, की आतील हवेचा दाब जमिनीवरच्या दाबापेक्षा कमी होतो. साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर जेवढा दाब असतो, तेवढाच तो असतो. आपल्या राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे विमानात बसणे हे कळसूबाईच्याही वर जाण्यासारखे आहे. तेथे उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. म्हणून पाणबुड्यांनी एक नियम पाळायचा असतो. एकच साधी बुडी मारली असेल, तर विमानात बसण्यापूर्वी किमान १२ तास थांबावे. अनेक बुड्या मारल्या असतील, तर किमान १८ तास थांबावे. अनेक प्रशिक्षक पूर्ण २४ तास थांबायला सांगतात.

म्हणजे विमानाच्या आधीचा एक दिवस बुडीशिवाय घालवायचा. त्याला आपण ‘थांबण्याचा दिवस’ म्हणू. खर्च वाचवायचा झाला, की लोकांची नजर आधी याच दिवसावर जाते. सकाळी शेवटची बुडी मारू आणि दुपारचे विमान पकडू, असा बेत ते करतात. माणूस वरून ठणठणीत दिसतो, म्हणून धोका कोणाला दिसत नाही. पण एका दिवसाचे भाडे वाचविण्यासाठी जन्मभराचे अपंगत्व पत्करणे हा कोणता हिशेब?

शरीराची आणखी एक अट आहे. सर्दी झाली असेल, तर बुडी मारू नये. नाक चोंदले असता कानातील दाब सारखा करता येत नाही. त्यामुळे कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. दमा, हृदयविकार किंवा फिट येण्याचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. लांबच्या प्रवासाने थकून पोहोचलेल्या दिवशीही बुडी टाळलेलीच बरी.

आता समुद्राला विचारू. मृगाचा पाऊस पडला, म्हणून आपल्याकडचा शेतकरी लगेच तिफण धरीत नाही. जमिनीला वापसा येईपर्यंत तो थांबतो. समुद्राचेही तसेच आहे. अंदमानात मोसमी पाऊस आपल्या आधी, मे महिन्यातच पोहोचतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळे होतात. डिसेंबर अखेरीपासून एप्रिलपर्यंत समुद्र बहुधा शांत असतो. म्हणजे आपल्या दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्ट्या या कामाला तितक्या सोयीच्या नाहीत. त्या सुट्टीत गेलात, तर हातात जास्त दिवस ठेवावे लागतील.

तिसरी परवानगी बोटीची. स्वराज द्वीपवर प्रवासी विमाने उतरत नाहीत. विमान श्री विजयपुरम येथे उतरते. या शहराचे नाव २०२४ पर्यंत पोर्ट ब्लेअर होते. तेथून बोटीने दीड ते अडीच तासांत स्वराज द्वीप येते. समुद्र खवळला, की बोटी बंद होतात. डिसेंबर २०१६ मध्ये असेच झाले. वादळी हवेमुळे स्वराज द्वीप आणि शेजारचे शहीद द्वीप येथे हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. शेवटी नौदल आणि तटरक्षक दल त्यांच्या मदतीला धावून गेले. त्या वेळी ज्यांच्या विमानाची वेळ दुसऱ्याच दिवशी होती, त्यांची काय अवस्था झाली असेल? म्हणून प्रत्येक बेतात एक ‘राखीव दिवस’ असलाच पाहिजे.

तिघांचे उत्तर मिळाले. आता हिशेब करू. हा हिशेब परतीच्या दिवसापासून मागे मोजत करायचा असतो.

दहाव्या दिवशी मामू हैदराबादहून लोह्याला पोहोचतील. नवव्या दिवशी ते विमानाने श्री विजयपुरमहून परत येतील. आठवा दिवस थांबण्याचा. सकाळी बोटीने शहरात यावे आणि दिवसभर शहर पाहावे. हा दिवस वाया जात नाही. तेथे सेल्युलर जेल आहे. १८५७ च्या उठावानंतर अंदमानात पाठविलेले मौलाना फज्ले हक खैराबादी १८६१ मध्ये तेथेच वारले. मिर्झा गालिब यांच्या या विद्वान मित्राची कबरही त्याच शहरात आहे. सातवा दिवस राखीव. चौथा, पाचवा आणि सहावा दिवस शिकण्याचा. पहिली पायरी शिकायला साधारण तीन-चार दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी बोटीने बेटावर पोहोचून विश्रांती. दुसऱ्या दिवशी विमानप्रवास. पहिल्या दिवशी लोह्याहून नांदेडमार्गे हैदराबाद. एकूण दहा दिवस झाले. त्यांपैकी बेटावर पाच रात्री.

या शिक्षणात समुद्रातील चार बुड्या असतात. चारही बुड्यांचा वेळ मिळविला, तर तो दोन-तीन तासच भरतो. दहा दिवसांचा प्रवास आणि पाण्याखाली तीन तास! हे मामूंना आधीच सांगा. त्यांना केवळ एकदा बुडी मारून पाहायची असेल, तर शिकण्याच्या तीन दिवसांऐवजी एक दिवस पुरेल. राखीव दिवस आणि थांबण्याचा दिवस मात्र तसेच राहतील. पैसे किंवा रजा कमी असेल, तर बुड्या कमी कराव्यात, हे दोन दिवस कमी करू नयेत.

इतका खर्च झेपत नसेल, तर आपल्या राज्यातही सोय आहे. मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू केले. आज या किल्ल्याच्या परिसरात प्रशिक्षकाबरोबर उथळ पाण्यात बुडी मारता येते. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा शिकविणारे केंद्र आहे. एका बुडीसाठी मालवणात दोन दिवसांचा मुक्काम पुरेसा आहे. पावसाळ्यात मात्र तेथे जाऊ नये. येथेही शरीराला विसरू नका. मालवणहून परतताना घाट चढावा लागतो. आंबोली समुद्रापासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. म्हणून बुडी मारल्यावर लगेच घाटाकडे न निघता रात्रभर खाली राहावे आणि सकाळी निघावे. किती तास थांबायचे, हे प्रशिक्षकाला विचारावे.

तर मित्रांनो, आता मामूंना काय सांगाल? दहा दिवसांची रजा काढा, असे तर सांगाच. पण त्यांतील दोन दिवस कशासाठी आहेत, तेही समजावून सांगा. कारण समजले, की माणूस ते दिवस आनंदाने देतो.

स्वाध्याय

१. पाणबुड्याच्या टाकीत काय भरलेले असते?
२. ‘राखीव दिवस’ आणि ‘थांबण्याचा दिवस’ यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
३. एका पाणबुड्याने तीन दिवस बुड्या मारल्या. त्याची शेवटची बुडी बुधवारी दुपारी ३ वाजता संपली. त्याने गुरुवारी सकाळी ६ वाजताच्या विमानाने जावे का? कारण सांगा.
४. तुमच्या मामूंना किंवा चाचांना पत्र लिहून मालवणच्या सहलीचा बेत कळवा. दिवसांचा हिशेब परतीच्या दिवसापासून करा.