टॅब्लेटचा आकार आणि हाताचा अंदाज

टॅब्लेट विकत घेण्यासाठी दुकानात गेलेल्या गृहस्थास पहिला प्रश्न विचारला जातो तो आकाराचा : सात इंची हवा, दहा इंची की तेरा इंची? ऐकणाऱ्यास वाटते, सात आणि दहा यांत अंतर ते काय, अवघे तीन इंच! मग किमतीकडे पाहून निर्णय होतो, आणि घरी आल्यावर कळते की घेतलेली वस्तू वाचावयास फार लहान आहे किंवा हाती धरावयास फार जड आहे. ही फसगत दुकानदार करीत नाही; ती त्या इंचाच्या आकड्यामुळे होते.

पडद्याचे माप लांबीचे नसते, रुंदीचेही नसते. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरपे अंतर, म्हणजे भूमितीतील कर्ण, हे ते माप होय. कर्ण दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते. त्यामुळे एकाच घडणीचे दोन पडदे घेतले, तर सात इंची पडद्याचे क्षेत्रफळ दहा इंचीच्या निम्म्याहूनही किंचित कमी भरते. सातचा वर्ग ४९, तर दहाचा १००. तीन इंचांच्या फरकात अर्धे पान नाहीसे होते, ते असे.

दुसरी गोष्ट घडणीची. दहा इंच कर्णाचा पडदा आठ इंच लांब व सहा इंच रुंद असू शकतो. त्याचे क्षेत्रफळ ४८ चौरस इंच. तोच कर्ण राखून पडदा लांबट केला, म्हणजे लांबी-रुंदीचे प्रमाण १६ व १० असे ठेवले, तर क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस इंच होते. चित्रपट पाहावयास लांबट पडदा सोयीचा. पुस्तकाच्या पानास मात्र पहिली घडण अधिक जवळची. डेमी आकाराच्या मराठी कादंबरीचा कर्ण मोजला तर तो साधारण दहा इंचच भरतो. दहा इंची टॅब्लेट पुस्तकासारखा वाटतो, याचे हे एक कारण.

आता वजनाचा विचार करू. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ साली मुलांसाठी वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली, तेव्हा त्याचे वजन चार पौंडांच्या, म्हणजे सुमारे १८०० ग्रॅमच्या आत असावे, अशी त्यांची अपेक्षा होती. २०१० साली ॲपल कंपनीचा पहिला आयपॅड आला तो ९.७ इंची होता आणि त्याचे वजन सुमारे ६८० ग्रॅम होते. २०१३ साली तेवढ्याच पडद्याचा आयपॅड एअर ४६९ ग्रॅमचा झाला. २०२४ सालचा तेरा इंची आयपॅड प्रो तर ५७९ ग्रॅमचा, म्हणजे पहिल्या दहा इंचीपेक्षाही हलका. तेव्हा केवळ इंचांवरून वजन ओळखता येत नाही. वजनाचा आकडा निराळा पाहावयास हवा.

पण तराजूवरचे वजन आणि हातावरचे वजन यांतही भेद आहे. पाण्याने भरलेला तांब्या छातीशी धरला तर जड वाटत नाही. हात लांब करून धरला की क्षणात खांदा भरून येतो. टॅब्लेट आपण कडेला धरतो, आणि त्याचा भार मात्र मध्यावर असतो. समजा, लहान टॅब्लेट ३०० ग्रॅमचा असून त्याचा मध्य बोटांपासून सहा सेंटिमीटर दूर आहे. मोठा ४८० ग्रॅमचा असून त्याचा मध्य नऊ सेंटिमीटरवर आहे. वजन झाले १.६ पट, अंतर दीडपट. मनगटावरील ताण मात्र या दोहोंचा गुणाकार, म्हणजे २.४ पट. लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून उभ्या असलेल्या प्रवाशास लहान टॅब्लेट का परवडतो, हे यावरून ध्यानात येईल.

मग सर्वांनी लहानच घ्यावा काय? तसे नाही. इंदूर, बडोदे किंवा दिल्ली येथे राहणाऱ्या मराठी वाचकास जुने पुस्तक पुष्कळदा छायाप्रतीच्या रूपानेच मिळते. अशा प्रतीत पान जसेच्या तसे आकसते. अक्षर तेवढे मोठे करून ओळी नव्याने जुळविता येत नाहीत. ए-४ आकाराच्या पानावरील बारा पॉइंटांचे अक्षर लांबट घडणीच्या सात इंची पडद्यावर जेमतेम साडेपाच पॉइंटांचे उरते. आठ-सहा घडणीच्या दहा इंचीवर ते सुमारे आठ पॉइंटांचे, आणि त्याच घडणीच्या तेरा इंचीवर साडेदहाच्या पुढचे दिसते. त्यात देवनागरीस वर वेलांटी व मात्रा, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरे. इतक्या बारीक ठशात अनुस्वार पुसट झाला की अर्थाचाही घोटाळा होतो. साठी उलटलेल्या वाचकास सात इंची टॅब्लेट देणे म्हणजे त्याच्या हातास विश्रांती आणि डोळ्यांस शिक्षा देण्यासारखे आहे.

तेरा इंची टॅब्लेट मात्र हातात धरून वाचण्यापेक्षा मेजावर किंवा मांडीवर ठेवून वाचावयाची वस्तू होय. त्यास आवरण आणि कळफलक जोडला की एकूण वजन किलोच्या आसपास जाते, आणि मग लहान लॅपटॉपशी त्याची तुलना करणे प्राप्त होते. म्हणून वजन पाहावयाचे ते आवरणासह.

यावरून खरेदीची एक साधी रीत निघते. दुकानात टॅब्लेट एका हातात घ्यावा, नेहमी वाचतो त्या प्रकारचे मराठी पान त्यावर उघडावे आणि पाच मिनिटे उभ्यानेच वाचावे. आधी मनगट थकले तर आकार मोठा. आधी डोळे थकले तर लहान. पाच मिनिटांनंतरही वाचन पुढे चालू ठेवावेसे वाटले, तर तोच आकार आपला.