जास्वंदीवरचे पाहुणे शेतातून येतात

कुंडीतल्या जास्वंदीचा कोवळा शेंडा आकसतो, कळ्या उमलण्याआधीच गळतात, आणि पेरापेराशी कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसतं. हात लावला की बोटं चिकट होतात. हा पिठ्या ढेकूण. अंगावरची पांढरी पूड म्हणजे त्याने स्वतःच तयार केलेलं मेण, आणि त्यावरून पाणी सहज ओघळून जातं.

गडचांदूरच्या अंगणात हा ढेकूण दिसला तर नवल नाही. सिमेंटच्या कारखान्यांचं हे गाव कोरपना तालुक्यात येतं आणि आजूबाजूला कपाशीची शेतं आहेत. फेनाकोकस सोलेनॉप्सिस हा कपाशीवरचा पिठ्या ढेकूण मूळचा अमेरिकेतला. १८९८ साली त्याची पहिली शास्त्रीय नोंद झाली आणि २००५च्या सुमारास तो भारतातल्या कपाशीवर उतरला. जास्वंद कपाशीच्याच कुळातली, त्यामुळे ती त्याला आयती मिळते. शेतात पीक नसेल तेव्हा तो रस्त्याकडेच्या गाजरगवतावर दिवस काढतो. एक मादी शेकडो पिल्लं देते. ती इतकी हलकी असतात की वाऱ्यावर, कपड्यांवर किंवा मुंग्यांच्या मदतीने दुसऱ्या झाडावर पोचतात.

मुंग्यांचं इथे पक्कं हितसंबंधाचं नातं आहे. ढेकूण रस शोषून गोड चिकटा बाहेर टाकतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात ढेकणाच्या शत्रूंना हुसकावून लावतात. म्हणून कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की आधी त्यांची वाट बंद करावी. पाण्याने भरलेल्या पसरट थाळीत वीट ठेवून तिच्यावर कुंडी ठेवली तरी काम भागतं. थाळीतलं पाणी मात्र दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं, नाहीतर ढेकणांऐवजी डास पोसले जातील.

ढेकणाचा खरा वैरी जेमतेम दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी आहे. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते आणि ढेकणाचा फुगीर, तपकिरी, टणक सांगाडा उरतो. ही माशी कुणी मुद्दाम आयात केली नव्हती. ती आपसूकच ढेकणाच्या मागावर आली. कीटकशास्त्रज्ञ मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये तिला ‘एनासियस बंबावालेई’ असं नाव दिलं, शास्त्रज्ञ ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ. पुढे ती अमेरिकेत आधीच नोंदलेली जात निघाली आणि नाव बदललं. तेव्हा झाडावर तपकिरी, टणक ढेकूण दिसले तर ते खरवडू नका. त्यांतून माश्या बाहेर पडायच्या असतात.

बाकीचे ढेकूण काढायला जुना टूथब्रश पुरतो. मग पाण्याचा जोरदार फवारा, आणि त्यानंतर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा सौम्य द्रवसाबण. साबणामुळे तेल पाण्यात मिसळतं आणि ढेकणाचं मेणही सुटतं. आधी एका पानावर करून बघावं, आणि फवारणी संध्याकाळीच. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या भागात भर उन्हात फवारलेलं तेल पानं करपवतं. आठवड्याने पुन्हा फवारावं लागतं, कारण फटीत दडलेली पिल्लं पहिल्या खेपेला वाचतात.

उन्हाळ्यात पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागच्या बाजूला तलम जाळी दिसली तर तो लाल कोळी. आठ पायांचा, म्हणजे कीटक नव्हेच. कोरडी हवा आणि धूळ त्याला मानवते, कारण धुळीने माखलेल्या पानांवर त्याच्या शत्रूंना नीट वावरता येत नाही. पानं, विशेषतः मागच्या बाजूने, पाण्याने धुणं हाच त्यावर पहिला उपाय.

कपाशीसाठी आणलेली औषधाची उरलेली बाटली मात्र घरातल्या कुंडीकडे मुळीच वळवू नये. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. तेही मोकळ्या रानात. बंद गॅलरीत, लेकरांच्या हाताला लागणाऱ्या कुंडीवर किंवा ज्या तुळशीची पानं तोंडात घालतो तिच्यावर असलं विष फवारण्यात काही शहाणपण नाही. त्याने ती उपकारी माशीही मरते.

नर्सरीतून आणलेलं नवं रोप पंधरा दिवस बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा, आणि रोज पानं उलटून बघा.