विश्लेषण : रात्री गाडीचा फोटो डोळ्यांना दिसतो तसा का येत नाही?

दसरा-पाडव्याला घरी नवी गाडी आली की ती घेऊन कोथळीला मुक्ताईच्या दर्शनाला जायचे आणि तिथेच मोबाइलवर फोटो काढायचा, हे मुक्ताईनगरकरांना नवे नाही. पण शोरूममधून गाडी हाती येईपर्यंत अनेकदा अंधार पडलेला असतो. मग फोटोत हेडलाइटचे दोन पांढरे गोळे दिसतात, गाडीचा रंग काळोखात विरतो आणि नंबर वाचता येत नाही. यात मोबाइलचा दोष कमी आणि प्रकाशाचा हिशेब जास्त असतो. तो हिशेब समजला तर महागडा कॅमेरा न घेताही चांगला फोटो मिळू शकतो.

फोटो नेमका बिघडतो कुठे?

आपला डोळा हेडलाइटकडे आणि दाराच्या अंधाऱ्या भागाकडे आळीपाळीने पाहतो आणि दर वेळी स्वतःला जुळवून घेतो. कॅमेऱ्याला दोन्ही एकाच वेळी टिपायचे असतात. दार उजळ केले तर हेडलाइट फुटतो, हेडलाइट सांभाळला तर दार काळे पडते. शिवाय प्रकाश कमी असल्याने कॅमेरा शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. तेवढ्यात हात जरासा हलला तरी सगळे चित्र धूसर होते.

सर्वात सोयीची वेळ कोणती?

‘रात्रीचा’ म्हणून गाजणारे गाड्यांचे अनेक फोटो खरे तर संधिप्रकाशातले असतात. सूर्य मावळल्यानंतर साधारण १० ते २५ मिनिटे आकाश गडद निळे असते आणि रस्त्यावरचे दिवेही लागलेले असतात. आकाश आणि दिवे यांच्या उजेडातला फरक तेव्हा सर्वात कमी असतो. मुक्ताईनगर परिसरात डिसेंबरात सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो, तर जूनमध्ये सातनंतर. नवशिक्याने आधी जागेवर पोहोचून तयार राहावे, कारण ही वेळ चहा होईपर्यंत निघून जाते.

मोबाइलमध्ये काय बदलावे?

आधी लेन्स सुती कापडाने पुसावी. बोटाच्या तेलकट डागामुळे प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येते. मोबाइल स्टँडवर, भिंतीवर किंवा विटेला टेकवून ठेवावा आणि २ किंवा ३ सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्का फोटोत येत नाही.

‘नाइट मोड’ एकामागून एक अनेक फोटो काढून ते एकत्र जुळवतो. गूगलने पिक्सेल फोनवर २०१८ मध्ये ही सोय आणली आणि आता ती बहुतेक फोनमध्ये असते. उभ्या गाडीसाठी ती पुरेशी आहे.

‘प्रो मोड’ असेल तर दोन आकडे लक्षात ठेवावेत : शटरचा वेळ आणि आयएसओ. आयएसओ दुप्पट केला की शटरचा वेळ निम्मा पुरतो. म्हणजे आयएसओ १०० वर ८ सेकंद लागत असतील तर ८०० वर १ सेकंद पुरेल, पण फोटोत दाणे दिसू लागतील. मोबाइल स्थिर असेल तर आयएसओ १०० वरच ठेवावा. दिवा जवळ असल्यास १ सेकंदापासून आणि अंधार जास्त असल्यास ४ ते ८ सेकंदांपासून सुरुवात करावी. खान्देशातल्या मे महिन्यात तापलेल्या मोबाइलवर हे दाणे आणखी वाढतात. तो आधी थोडा निवू द्यावा.

हेडलाइट आणि फ्लॅशचे काय करावे?

हेडलाइट बंद ठेवून फक्त पार्किंग लाइट लावावेत. गाडी ‘जागी’ दिसते आणि उजेडही फुटत नाही. फ्लॅश मात्र टाळावा. त्याचा उजेड दोन-तीन मीटरपलीकडे फारसा पोहोचत नाही. शिवाय १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांवर सक्तीची असलेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट प्रकाश आल्या दिशेने परत फेकते. त्यामुळे फ्लॅशच्या फोटोत बाकी गाडी काळी आणि नंबरप्लेट पांढरीफटक येते.

काळी गाडी चमकते कशी?

गाडीचा पत्रा हा जवळपास आरसाच असतो. त्यामुळे गाडी दाखवायची तर तिच्यात काय उमटते ते आधी पाहावे. गाडीभोवती एक चक्कर मारावी, मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर आणावा आणि दिव्याची रेघ बॉनेटपासून डिकीपर्यंत अखंड दिसते ती जागा निवडावी. मागे पानटपरीचा बोर्ड किंवा कचऱ्याचा ढीग असेल तर तोही दारावर उमटतो.

दिवाच नसेल तर साधी बॅटरी पुरते. शटर १० ते १५ सेकंद उघडे ठेवायचे आणि तेवढ्या वेळात गाडीच्या कडेने चालत बॅटरीचा उजेड पत्र्यावर एकसारखा फिरवायचा. गडद कपडे घातलेला आणि सतत चालणारा माणूस फोटोत उमटत नाही. बॅटरीचे तोंड मात्र लेन्सकडे वळू देऊ नये.

महामार्गाच्या कडेला हे करावे का?

नाही. मुक्ताईनगरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे पूर्वीचा ६ क्रमांकाचा, सुरत ते कोलकात्याची वाहतूक वाहतो. रात्री ट्रकच्या लाल दिव्यांच्या रेघा फोटोत सुंदर दिसतात : ताशी ६० किलोमीटरने जाणारे वाहन ४ सेकंदांत सुमारे ६७ मीटर लांब रेघ काढते. पण हाच हिशेब उलट्या बाजूने मांडून पाहावा. ताशी ८० किलोमीटरने येणारा ट्रक सेकंदाला २२ मीटर पुढे सरकतो. चालकाला माणूस दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला तरी ३३ मीटर अंतर संपते. लो बीमचा उजेड साधारण ४०-५० मीटरच पोहोचतो. भरलेला ट्रक उरलेल्या अंतरात थांबू शकत नाही. फोटोत दिसू नये म्हणून घातलेले गडद कपडे चालकालाही दिसत नाहीत.

धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभे करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ मनाई करते. रेघांचा फोटो हवाच असेल तर रस्त्यापासून दूर, परवानगी घेऊन एखाद्या हॉटेलच्या आवारातून किंवा इमारतीच्या गच्चीवरून काढावा. गाडीच्या फोटोसाठी घरचे अंगण, मंदिराचा वाहनतळ किंवा संध्याकाळी रिकामे झालेले मैदान बरे. महामार्गावर गाडी बंदच पडली तर धोक्याचे चारही इंडिकेटर लावून माणसांनी कठड्यापलीकडे जावे आणि १०३३ या हेल्पलाइनवर फोन करावा.

गाडी विकण्यासाठी रात्रीचा फोटो चालेल का?

फोटो देखणा येईल, पण अंधार ओरखडे लपवतो. विकणाऱ्याने दिवसाचेही फोटो द्यावेत आणि समाजमाध्यमावर टाकताना नंबर झाकावा. घेणाऱ्याला मात्र रात्रीचा दिवा उपयोगी पडतो. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दारावर पाहत हळूहळू पुढे सरकावे. रेघ जिथे अचानक वाकडी होते, तिथे पत्रा दबलेला किंवा पुन्हा ठोकलेला असण्याची शक्यता असते. तेवढ्या जागेबद्दल व्यवहाराआधीच विचारून घ्यावे.